शाळेच्या बैठकीत पालकांचे स्थान काय? सर्जापूर रोडवर एका रस्त्याला तीन नियम

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत चारपैकी तीन सदस्य पालक असले पाहिजेत, असे देशाचा कायदा सांगतो. खासगी विनाअनुदानित शाळेवर मात्र हा कायदा अशी कोणतीही सक्ती करत नाही. बेंगळुरूच्या आग्नेयेस जाणाऱ्या सर्जापूर रोडवर या दोन्ही प्रकारच्या शाळा एकाच रस्त्याच्या कडेला भरतात. त्यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. ज्या पालकांना बैठकीसाठी कार्यालयातून दोन तासांची सवड काढता येते, त्यांना शाळेच्या कारभारात कायद्याने दिलेले आसन नाही. ज्यांना ते आसन आहे, त्यांना अर्ध्या दिवसाची मजुरी सोडल्याशिवाय त्यावर बसता येत नाही.

आगरा तलावाजवळून निघणारा हा रस्ता बेळ्ळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे ओलांडत आनेकल तालुक्यातील सर्जापूरला पोहोचतो. दोड्डकन्नेल्ली येथे विप्रो कंपनीचे मुख्यालय आहे. पुढे बुरुगुंटे गावाच्या हद्दीत अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेबरोबर गेल्या पंचवीस वर्षांत या रस्त्यावर गृहसंकुले आली, त्यांच्यामागोमाग मोठ्या शुल्काच्या शाळा आल्या. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर येथून नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांना हा परिसर चांगलाच परिचित आहे. मूळ गावांतील सरकारी कन्नड शाळा त्याआधीपासून तेथे होत्या. आज त्यांच्या वर्गांत जुन्या गावकऱ्यांच्या मुलांबरोबर इमारती बांधणाऱ्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची, वाहनचालकांची आणि सुरक्षारक्षकांची मुले शिकतात.

नऊ पालकांची समिती

शाळेच्या कारभारात पालकांना वाटा देण्याच्या बाबतीत कर्नाटकाने देशाच्या कायद्याची वाट पाहिली नव्हती. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने शिक्षणविषयक कृतिदल नेमले होते. त्याच्या शिफारशीनंतर २००१ साली सरकारी आदेशाने प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेसाठी शाळा विकास व देखरेख समिती स्थापन करण्याचे ठरले. तोपर्यंत गावोगावी ग्राम शिक्षण समित्या आणि शाळा सुधारणा समित्या होत्या. त्यांत गावातील प्रतिष्ठितांचा भरणा असे. त्यांची स्वतःची मुले त्या शाळेत असतीलच असे नाही. नव्या समितीत नऊ पालक-प्रतिनिधी ठेवण्यात आले आणि त्यांची निवड त्या शाळेतील मुलांच्या पालकांनीच करायची, असे ठरले. ज्याचे मूल शाळेत त्यालाच मत, हा त्यामागील विचार होता.

इंग्रजी आद्याक्षरांवरून ही समिती ‘एसडीएमसी’ या नावाने ओळखली जाते. बेळगाव आणि खानापूरच्या मराठी शाळांतील पालकही हेच नाव वापरतात. तिच्या कन्नड नावात मात्र ‘मेलुस्तुवारी’ असा शब्द आहे. मराठी वाचकाला त्यातील ‘उस्तुवारी’ ओळखीची वाटेल, कारण जुन्या मराठीत ‘उस्तवारी’ म्हणजे काळजीने केलेली जोपासना. फारसीतून दोन्ही भाषांत आलेला हा शब्द कन्नडमध्ये देखरेखीकडे झुकला आणि मराठीत मायेकडे. समितीने नेमके काय करावे, यावर शिक्षक आणि पालक यांच्यात आजही जो मतभेद दिसतो, तो जवळपास या दोन अर्थांतलाच आहे. मुख्याध्यापकांना बहुधा जोपासना हवी असते, म्हणजे वर्गणी, रंगकाम आणि झेंडावंदनाचा खाऊ. देखरेख म्हटली की हजेरीपट आणि खर्चाची वही पुढे ठेवावी लागते.

२००६ साली कर्नाटकाने पंचायत राज कायद्याखाली या समित्यांसाठी नमुना उपविधी तयार केले आणि ग्रामीण भागात समितीला ग्रामपंचायतीशी जोडले. बेंगळुरू येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठातील बालक व कायदा केंद्रात दीर्घकाळ काम केलेले शिक्षणतज्ज्ञ निरंजनाराध्य व्ही. पी. हे या समित्यांच्या राज्यव्यापी समन्वय मंचाचे मार्गदर्शक म्हणून ओळखले जातात. समित्यांना आदेशाऐवजी कायद्याचा आधार मिळावा, असा या चळवळीचा आग्रह होता. सरकारी आदेश बदलायला एक नवा आदेश पुरतो, हे त्यामागचे साधे कारण.

कायदा काय देतो

तो आधार १ एप्रिल २०१० रोजी मिळाला. त्या दिवशी बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ अंमलात आला. त्याचे २१ वे कलम शाळा व्यवस्थापन समितीविषयी आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक किंवा पाल्याचे सांभाळकर्ते असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असे हे कलम सांगते. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही समितीची कामे होत. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत समितीची भूमिका सल्ल्यापुरती मर्यादित करण्यात आली.

केंद्राने २०१० साली केलेल्या नियमांत तपशील आहे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष हे पालक सदस्यांतून निवडले जावेत. मुख्याध्यापक हे पदसिद्ध निमंत्रक. म्हणजे बैठक बोलावणे हे त्यांचे काम, बैठक चालवणे हे पालकाचे. महिन्यातून किमान एकदा बैठक व्हावी. बैठकीचे इतिवृत्त व निर्णय नीट नोंदवून ते जनतेला उपलब्ध करून द्यावेत, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. राज्यांनी आपापले नियम याच धर्तीवर केले; महाराष्ट्राचे २०११ साली आले, कर्नाटकाचे २०१२ साली.

इतिवृत्ताविषयीची ही तरतूद फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. बैठकीत मत देण्याचा अधिकार सदस्यांपुरता असला, तरी तेथे काय ठरले हे जाणून घेण्याचा अधिकार शाळेशेजारी राहणाऱ्या कोणालाही आहे. शाळेने वही दाखवण्यास नकार दिल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये अर्ज करता येतो. सरकारी शाळा हे सार्वजनिक प्राधिकरण असल्याने सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक ठरते. शाळेविषयीची तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागावा, अशी अपेक्षा आहे. त्यावरील अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाते.

पन्नास हजारांचा हिशेब

समितीपुढे येणारे पैसे मोठे नसतात, पण ते रोख आणि मोजता येण्याजोगे असतात. २०१८ साली सर्व शिक्षा अभियानाची जागा समग्र शिक्षा योजनेने घेतली, तेव्हापासून शाळांना पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान देण्याची पद्धत आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३१ ते १०० मुलांच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये, १०१ ते २५० मुलांच्या शाळेला ५० हजार, त्यापुढे एक हजारापर्यंत पट असल्यास ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख रुपये मिळू शकतात. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च झाली पाहिजे. केंद्राच्या नियमांनुसार समितीचे पैसे स्वतंत्र खात्यात ठेवायचे असतात आणि वार्षिक लेखापरीक्षण करून घ्यायचे असते. हिशेबावर अध्यक्ष व निमंत्रक या दोघांच्या सह्या लागतात. अध्यक्ष हा पालक असल्याने सही बांधकामावरच्या गवंड्याची किंवा घरकाम करणाऱ्या आईचीही असू शकते.

या सहीतच अधिकाराचा खरा कस लागतो. कोऱ्या कागदावर किंवा आधीच भरलेल्या पावतीवर सही मागितली गेली, तर नाही म्हणण्यासाठी आकडे वाचता यावे लागतात. त्याहून अधिक म्हणजे, आपले मूल ज्यांच्या हाती दिवसभर असते त्यांना प्रश्न विचारण्याचे धैर्य लागते. हे धैर्य एका दिवसाच्या प्रशिक्षणाने येते, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

अनुदानापेक्षाही मोलाचा दस्तऐवज म्हणजे शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो आणि त्याचे वर्षनिहाय तीन भाग असतात. प्रत्येक वर्गात किती मुले येतील, किती शिक्षक लागतील, किती खोल्या व स्वच्छतागृहे लागतील आणि त्यासाठी किती पैसे लागतील, हे त्यात मांडायचे असते. कायद्याचे २२ वे कलम म्हणते की सरकारने द्यावयाच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल. प्राथमिक वर्गांसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे साधारण तीस मुलांमागे एक, आणि दीडशेहून अधिक पट असल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक, असे कायद्याचे प्रमाण आहे. सर्जापूर रोडसारख्या भागात पट दर वर्षी हलतो. एखादे मोठे गृहसंकुल उभे राहू लागले की शेजारच्या शाळेत मुले वाढतात. ते पूर्ण झाले की ती दुसऱ्या बांधकामाच्या दिशेने निघून जातात. आराखड्यात ही चढउतार वेळेवर नोंदली गेली नाही, तर शिक्षक मंजूर होईपर्यंत मुलेच तेथे नसतात.

हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे

सर्जापूर रोड शहरातून निघून ग्रामीण भागात शिरतो, त्याचा परिणाम शाळेच्या बैठकीवरही होतो.

बेळ्ळंदूर ही एके काळी ग्रामपंचायत होती आणि संगणकीकृत कारभारासाठी तिचे नाव देशभर घेतले जाई. २००७ साली बृहत् बेंगळुरू महानगर पालिका अस्तित्वात आली आणि शेकडा गावांसह बेळ्ळंदूर व आसपासची गावे शहरात सामावली. त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या, त्याबरोबर ग्रामसभाही संपल्या. महापालिकेतील निर्वाचित सदस्यांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूक झाली नाही. २०२५ साली महापालिकेचेच विभाजन करून शहरासाठी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण व पाच महापालिका अशी नवी रचना करण्यात आली. या सगळ्या काळात शहराच्या हद्दीतील सरकारी शाळेपुरते बोलायचे, तर पालकांनी निवडलेली समिती हीच परिसरातील सर्वांत जवळची निर्वाचित संस्था राहिली. तिच्या वर थेट शिक्षण खात्याचे अधिकारी आणि आमदार. आमदारांच्या शिफारशीने सदस्य ठरवले जाण्याचा प्रश्न या समित्यांच्या इतिहासात वारंवार वादाचा ठरला आहे.

पुढे आनेकल तालुक्यात पंचायतीचा मुलूख लागतो. तेथील समितीला ग्रामपंचायतीचा आधारही असतो आणि धाकही. कुंपणभिंत, पाण्याची जोडणी, शाळेपर्यंतचा रस्ता या गोष्टी पंचायतीच्या निधीतून करून घेता येतात. शाळेच्या जागेची राखण हा येथे कळीचा विषय आहे. जमिनीचे भाव वाढलेल्या परिसरात शाळेच्या मैदानाची हद्द कागदावर कोठे आहे, हे समितीला ठाऊक असणे भिंतीच्या रंगापेक्षा महत्त्वाचे असते.

याखेरीज ग्रामीण कर्नाटकात आणखी एक सभा भरते, जी महाराष्ट्रातील वाचकांना कुतूहलाची वाटेल. ती म्हणजे ‘मक्कळ ग्रामसभा’, अर्थात मुलांची ग्रामसभा. १९९० च्या दशकात उडुपी जिल्ह्यातील कुंदापूर भागात ‘द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रेन’ या बेंगळुरूच्या संस्थेने मुलांच्या पंचायती सुरू केल्या. त्या अनुभवानंतर २००६ साली राज्य सरकारने ग्रामपंचायतींना वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा भरवण्यास सांगितले. त्यात मुले बोलतात आणि पंचायत सदस्य व अधिकारी उत्तरे देतात. स्वच्छतागृहाला दार नाही, बस वेळेवर नाही, शाळेच्या वाटेवर दारूचे दुकान आहे, असे विषय तेथे निघतात. मोठ्यांच्या बैठकीत यांतील किती विषय कार्यसूचीवर आले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. हद्दीच्या अलीकडे, शहरातील मुलांसाठी अशी सभा नाही, कारण तेथे ग्रामपंचायतच नाही.

बैठकीची वेळ आणि बैठकीची भाषा

केंद्राच्या नियमांत समितीच्या सदस्यांना मानधनाची तरतूद नाही. बैठक सहसा शाळेच्या वेळेत होते, कारण शिक्षक त्याच वेळी उपलब्ध असतात. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा खाडा होतो. घरकाम करणाऱ्या स्त्रीला चार घरी निरोप द्यावा लागतो. निम्म्या जागा स्त्रियांसाठी असल्याने ही अडचण कागदावरील सर्वांत चांगल्या तरतुदीलाच आधी गाठते. अशा वेळी सही घेण्यासाठी वही घरी पाठवली जाते आणि इतिवृत्तात बैठक झाल्याची नोंद होते. हा अनुभव एका शाळेचा किंवा एका राज्याचा नाही. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांशी संबंध आलेल्या कोणालाही तो नवा वाटणार नाही.

सर्जापूर रोडवर त्यात भाषेची भर पडते. बांधकामावर कलबुर्गी, रायचूर, यादगीर या उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे आहेत, तशी आंध्र, तामिळनाडू, ओडिशा, बिहार आणि बंगालमधूनही आलेली आहेत. बैठक आणि तिची वही कन्नडमध्ये असते. राज्याच्या कारभाराची ती भाषा आहे, तेव्हा त्यात गैर काही नाही. मात्र बंगाली बोलणाऱ्या आईला आपण कशावर सही केली हे समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी नियम मौन बाळगतात. अनेकदा ही दुभाष्याची भूमिका तिचे शाळेत शिकणारे मूलच पार पाडते. दोन-तीन वर्षांत कन्नड उत्तम बोलू लागलेली अशी मुले या शाळांत असतात. आपल्याच शिक्षकांविषयीची तक्रार भाषांतरित करण्याची वेळ त्यांच्यावर येते, तेव्हा भाषांतरात काही शब्द गळून पडल्यास नवल नाही.

शाळा पालकांकडे नेण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने ‘समुदायदत्त शाले’, म्हणजे ‘समाजाकडे शाळा’, या नावाचा कार्यक्रम राबवला. त्यात पालकांना बोलावून मुलांनी काय शिकले ते त्यांच्यासमोर दाखवले जाते. वाचता न येणाऱ्या पालकालाही आपले मूल वाचते की अडखळते, हे ऐकून कळते. खर्चाच्या वहीपेक्षा ही कसोटी अनेकांना आपलीशी वाटते.

भरभक्कम शुल्क, पण आसन नाही

रस्त्याच्या कडेच्या खासगी शाळेत चित्र उलटे आहे. शिक्षण हक्क कायद्याचे २१ वे कलम विनाअनुदानित शाळांना लागू नाही. शिक्षकांनी पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगावी, असे २४ वे कलम म्हणते. पण ती भेट मुलाविषयी असते, शाळेच्या कारभाराविषयी नव्हे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळांच्या व्यवस्थापन समितीत पालकांचे दोन प्रतिनिधी असावेत, असा मंडळाचा नियम आहे. पण दोन प्रतिनिधींना बहुमत नसते आणि अंतिम निर्णय शाळा चालवणाऱ्या संस्थेचाच राहतो.

पुण्याहून येथे आलेल्या कुटुंबाला हा फरक विशेष जाणवू शकतो. महाराष्ट्रात शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन कायदा, २०११ अन्वये खासगी शाळांतही पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो. त्याच्या कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतून एक पालक घेतला जातो, तोही इच्छुकांमधून सोडत काढून. शुल्कवाढीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवणे शाळेला बंधनकारक आहे. हा कायदा प्रत्यक्षात कितपत पाळला जातो, यावर महाराष्ट्रात पुष्कळ तक्रारी आहेत. २०१८ च्या दुरुस्तीने पालकांनी शुल्काविरुद्ध दाद मागण्यासाठी किमान २५ टक्के पालक एकत्र येण्याची अट घातल्याने तो आणखी अवघड झाला, असेही म्हटले जाते. तरीही तेथे पालकाला कायद्याने एक खुर्ची आहे. कर्नाटकात खासगी शाळांच्या शुल्कनियमनासंबंधीच्या राज्य शिक्षण कायद्यातील तरतुदी उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. त्यामुळे सर्जापूर रोडवरील खासगी शाळेच्या पालकांपाशी मुख्यतः एकत्र येऊन विनंती करणे, न्यायालयात जाणे किंवा शाळा बदलणे, हेच मार्ग उरतात.

या दोन प्रकारच्या पालकांची गाठ पडण्याची एक जागा कायद्याने निर्माण केली होती. खासगी शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, अशी ती तरतूद. कर्नाटकाने डिसेंबर २०१८ मध्ये नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तेथे खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले. उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये हा बदल मान्य केला. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच बदल केला; तो मात्र मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सर्जापूर रोडवरील जुन्या गावांत सरकारी शाळा असल्याने तेथे त्या वाटेने खासगी शाळेत जाणाऱ्या मुलांचा ओघ आटला, आणि घरकाम करणारी आई व तिची मालकीण एकाच पालकसभेत शेजारी बसण्याची शक्यताही.

अन्य देशांत

अमेरिकेत सरकारी शाळा चालवणारे स्थानिक शिक्षण मंडळ बहुतेक ठिकाणी मतदार निवडतात आणि त्याच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राऊन कायद्याने स्थानिक संस्थांच्या बैठकांची कार्यसूची आधी जाहीर करणे व नागरिकांना बोलू देणे आवश्यक केले आहे. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. शिकागो शहरात १९८८ च्या कायद्यानुसार शाळाशाळांत परिषद निवडली जाते. तिच्यात सहा पालक, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्याबरोबर परिसरातील दोन रहिवासीही असतात. मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार या परिषदेला देण्यात आला. न्यूझीलंडने १९८९ साली प्रत्येक सरकारी शाळेचा कारभार पालकांनी निवडलेल्या विश्वस्त मंडळाकडे सोपवला.

भारतीय समितीला शिक्षक नेमण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार नाही. शाळा बंद करण्याचा वा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचा निर्णयही तिच्या हाती नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवण्यात आले, तेव्हा ग्रामस्थांनी विरोध केला. पण समितीचा ठराव हा विरोध नोंदवण्याचे साधन आहे, निर्णय रोखण्याचे नव्हे. शिकागोप्रमाणे परिसरातील रहिवाशांनाही भारतात मत नाही. सर्जापूर रोडवरील एखाद्या रहिवाशाला शेजारच्या सरकारी शाळेविषयी आस्था असली, तर तो शिकवायला जाऊ शकतो, पुस्तके देऊ शकतो. समितीत त्याला प्रवेश मिळू शकतो तो स्थानिक शिक्षणतज्ज्ञ म्हणून, तेही पालकांनी ठरवल्यास.

सहभागाने शिक्षण सुधारते का?

याचे उत्तर संशोधकांनी शोधले आहे आणि ते सरळ नाही. प्रियांका पांडे, संगीता गोयल व वेंकटेश सुंदररामन यांनी कर्नाटक, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातील गावांत समितीचे अधिकार लोकांना समजावून सांगण्याची मोहीम राबवून तिचा परिणाम तपासला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिक्षकांच्या कामावर काही चांगला परिणाम दिसला, पण तो राज्यागणिक वेगळा होता आणि मुलांच्या शिकण्यातील वाढ माफकच होती.

दुसरा अभ्यास उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातला आहे. मुंबईत १९९५ साली जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने तो झाला. त्याच्या लेखकांत रुक्मिणी बॅनर्जी यांच्यासह अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. या शेवटच्या दोघांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गावात शिक्षण समिती आहे हे बहुतेक पालकांना माहीत नव्हते आणि काही सदस्यांना तर आपण सदस्य असल्याचेच ठाऊक नव्हते, असे त्यांना आढळले. माहिती देऊनही लोकांचा शाळेच्या कारभारातील सहभाग वाढला नाही. वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या गावातील तरुणांनी मात्र शाळेबाहेर वर्ग घेतले आणि तेथे येणारी मुले चांगली वाचू लागली. लोकांची इच्छा नव्हती असे नाही. पण अधिकाऱ्यांशी झगडण्यापेक्षा मुलाला अक्षर शिकवणे त्यांना अधिक हाती लागणारे वाटले.

सर्जापूर रोडवरील समितीच्या सदस्याबाबत आणखी एक गोष्ट आहे, जी अभ्यासांत सहसा मोजली जात नाही. सदस्यत्व मुलाच्या नावाशी बांधलेले असते. इमारतीचे शेवटचे मजले पूर्ण होतात, मुकादम पुढच्या कामाचे ठिकाण सांगतो, आणि कुटुंब मुलाचा दाखला मागायला शाळेत येते. पटावरून मुलाचे नाव कमी होते, त्याच दिवशी समितीतील पालकाची जागा रिकामी होते. ती भरण्यासाठी पालकांची सभा पुन्हा बोलवावी लागते.